शेळ्यांच्या रंगाचा अनुवंश व बोकडाची पारख

शेळ्या बाळगणाऱ्या शेतकऱ्यास करडांच्या रंगाचा विषय कधींच परका नसतो. बाजारांत बोकड घ्यावयास गेलें असतां पहिली नजर रंगावर जाते. देवकार्यासाठीं किंवा बकरी ईदेच्या सुमारास विशिष्ट रंगाच्या निर्दोष बोकडास अधिक किंमत येते. उस्मानाबादी म्हणून घेतलेल्या काळ्या शेळीस तांबडें अगर बांडें करडूं झालें म्हणजे घेणारा विकणाऱ्यास दोष देतो. घरच्याच कळपांत तसें झालें तर राखणीच्या माणसावर बोल येतो. आणि कित्येकदां चांगली दुभती, जुळीं देणारी शेळी "जातीची नाहीं" एवढ्याच कारणावरून खाटकाच्या हवालीं होते. या व्यवहारांत शेतकऱ्याचा पैसा गुंतलेला असतो, व कधीं कधीं दुसऱ्याची अब्रूही. म्हणून आईबापांचा रंग करडांत कोणत्या नियमानें उतरतो, आणि रंगावरून काय ठरवितां येतें व काय ठरवितां येत नाहीं, हें येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रंग कशाचा होतो

शेळीच्या अंगावर रंग कितीही दिसोत, ते सारे दोनच रंगद्रव्यांपासून होतात. एक काळें, त्यास शास्त्रांत युमेलॅनिन म्हणतात. दुसरें तांबूस, त्यास फिओमेलॅनिन म्हणतात. या दुसऱ्या द्रव्याची छटा गडद तांबड्यापासून थेट सायीसारख्या फिक्या पांढऱ्यापर्यंत कोठेंही असूं शकते. हीं द्रव्यें कातडींतील विशिष्ट पेशी तयार करितात व वाढत्या केसांत भरितात. गर्भ लहान असतांना या रंगपेशी पाठीच्या कण्याच्या रेषेजवळ उत्पन्न होतात आणि तेथून सर्व अंगभर पसरतात. ज्या जागीं त्या पोंचत नाहींत अगर टिकत नाहींत, तेथील केसांत कोणतेंच द्रव्य नसतें व ती जागा पांढरी राहते.

तेव्हां कोणत्याही शेळीच्या रंगाविषयीं तीन प्रश्न विचारावे. अमुक जागीं रंगपेशी आहेत कीं नाहींत? असल्यास त्या काळें द्रव्य करितात कीं तांबूस? आणि त्या द्रव्याची छटा बदलणारें आणखी कांहीं आहे काय? या तीन प्रश्नांचीं उत्तरें निरनिराळीं जनुकें देतात. जनुक म्हणजे आईबापांकडून संततीस मिळणारा, एखादा गुण ठरविणारा बीजांतील अंश.

जोडीचा नियम

ब्रनो येथील मठांत राहणाऱ्या ग्रेगोर मेंडेल यांनीं वाटाण्यावर केलेले प्रयोग १८६५ सालीं सभेंत वाचून दाखविले व १८६६ सालीं ते छापून प्रसिद्ध झाले. त्यांचें महत्त्व १९०० सालापर्यंत कोणाच्या फारसें लक्षांत आलें नाहीं. परंतु त्यांनीं सांगितलेला नियम वाटाण्याइतकाच शेळीलाही लागू आहे.

शेळीच्या प्रत्येक पेशींत ६० गुणसूत्रें असतात, म्हणजे ३० जोड्या. प्रत्येक जोडींतील एक गुणसूत्र आईकडून व एक बापाकडून आलेलें असतें. जनुकें या गुणसूत्रांवर असल्यामुळें तींही जोडीनें असतात. जोडींतील दोन्ही जनुकें एकाच रूपाचीं असलीं तर ती शेळी त्या गुणापुरती शुद्ध म्हणावी. दोन्हींचीं रूपें भिन्न असलीं तर पुष्कळदां एकाच रूपाचा परिणाम बाहेर दिसतो. त्यास प्रभावी म्हणतात. दुसरें रूप आंत असूनही दिसत नाहीं. त्यास अप्रभावी म्हणतात. न दिसणारें रूप नाहींसें झालेलें नसतें. तें पुढच्या पिढीस जसेंच्या तसें मिळतें, आणि दोन्ही बाजूंनीं तेंच आलें म्हणजे पुन्हां प्रकट होतें.

जोडीपैकीं कोणतें जनुक करडास जाईल हें नशिबावर आहे. प्रत्येक करडाच्या वेळीं चिठ्ठी नव्यानें काढिली जाते. म्हणून "चारांत एक" असें आम्ही पुढें लिहूं त्याचा अर्थ दर चार करडांत नेमकें एक असा कोणी घेऊं नये. पहिल्या वेतांतील दोन्ही करडें तशीं निघतील, किंवा आठांत एकही निघणार नाहीं. मोठ्या संख्येंत मात्र प्रमाण तेंच पडतें.

काळें कोठें व तांबूस कोठें

अंगाच्या कोणत्या भागीं काळें द्रव्य व्हावें आणि कोणत्या भागीं तांबूस, हें मुख्यतः ज्या जनुकावर अवलंबून आहे त्यास अगूटी म्हणतात. हें नांव दक्षिण अमेरिकेंतील एका कुरतडणाऱ्या प्राण्यावरून पडलें आहे. शेळींत हें जनुक तेराव्या गुणसूत्रावर असतें. पाळीव शेळीची मूळ रानशेळी इराण व आशिया मायनरच्या डोंगरांत आढळते. तिच्यांतील नराचें अंग तपकिरी, पाठीच्या कण्यावर काळी रेघ, खांद्यावर काळा पट्टा व पोट फिकें, अशी ठेवण असते. मनुष्यानें सुमारें १०,००० वर्षांपूर्वी पश्चिम आशियांत शेळी माणसाळविली. त्यानंतर या एकाच जनुकाचीं अनेक रूपें पाळीव कळपांत टिकून राहिलीं: कोणाचें पोट फिकें व पाठ काळी, कोणाच्या तोंडावर फिके पट्टे, कोणाचें सर्व अंग तांबडें अगर पांढरें, तर कोणाचें सर्व अंग काळें.

या सर्व रूपांचा आपसांतील नियम लक्षांत ठेवावयास सोपा आहे. जोडींतील दोहोंपैकीं एका रूपानें ज्या जागीं तांबूस रंग सांगितला, त्या जागीं तांबूसच होतो. काळा रंग उरतो तो फक्त दोन्ही रूपें जेथें काळा सांगतात तेथें. म्हणून सर्वांग तांबडें अगर पांढरें करणारें रूप सर्वांवर प्रभावी ठरतें, आणि सर्वांग काळें करणारें रूप सर्वांत खालीं पडतें. एका बाजूनें फिक्या पोटाचें व दुसऱ्या बाजूनें तोंडावरील फिक्या पट्ट्यांचें रूप आलें तर करडांत दोन्ही खुणा एकत्र दिसतात.

अगूटीच्या खुणा डावीउजवीकडे सारख्या असतात, हीही ओळखण्याची एक युक्ति आहे. गालावर पट्टा असेल तर दोन्ही गालांवर, पाय फिके असतील तर दोन्हीकडचे. याउलट रंगपेशींच्या अभावानें पडलेले पांढरे ठिपके व पट्टे बहुधा वेडेवांकडे, एका अंगास अधिक व दुसऱ्या अंगास कमी असे असतात. सिंधुदुर्गाकडील कोंकण कन्याळ जातींत नाकपुडीपासून कानापर्यंत दोन्ही बाजूंस जाणारे पांढरे पट्टे ही जातीची खूण मानिली जाते. बांड्या संगमनेरी शेळीवरील काळे अगर तांबडे डाग त्याच्याशेजारीं ठेवून पाहिले म्हणजे सारख्या खुणा व वेडेवांकडे डाग यांतील भेद नजरेस पडतो.

काळे दोन प्रकारचे

आतां उस्मानाबादी शेळी पाळणाऱ्यांस ज्याशीं विशेष कर्तव्य आहे त्या मुद्यावर येऊं. धाराशिव, लातूर व सोलापूर या बाजूच्या या जातींत बहुतेक जनावरें काळीं असतात. कांहीं तपकिरी, पांढरीं व ठिपकेदारही असतात. काळ्या रंगास एकच कारण आहे असें धरून चालल्यामुळें पुष्कळ घोंटाळा होतो. वास्तविक शेळींत काळा रंग दोन वाटांनीं येतो.

पहिली वाट वर सांगितलीच: अगूटीचें काळें रूप दोन्ही बाजूंनीं येणें. हा काळा अप्रभावी होय. दुसरी वाट अठराव्या गुणसूत्रावरील एक्स्टेन्शन नांवाच्या जनुकाची. रंगपेशीस एक दार आहे असें समजा. दार उघडें असलें म्हणजे पेशी काळें द्रव्य करिते, बंद असलें म्हणजे तांबूस. हें दार एक्स्टेन्शन जनुक तयार करितें, आणि अगूटी जनुक अंगाच्या ठराविक भागांत तें लावून घेतें. कांहीं जातींत एक्स्टेन्शनचें असें रूप आढळतें कीं त्याचें दार कायमचें उघडें राहतें. मग अगूटीनें कितीही लावून घेतलें तरी पेशी काळेंच द्रव्य करणार. हा काळा प्रभावी होय; तो एकाच बाजूनें आला तरी पुरतो. त्याच्या आड तांबडा, पांढरा किंवा पट्ट्यांचा कोणताही अगूटी रंग लपून राहूं शकतो.

हे दोन्ही काळे बोकड शेजारीं उभे केले तर डोळ्यांस फरक दिसत नाहीं. फरक दिसतो तो त्यांच्या करडांत. तो कसा, तें खालीं देतों. येथें पांढरे ठिपके तूर्त विचारांत घेतलेले नाहींत.

१. दोन्ही आईबाप अप्रभावी काळे असले तर सर्व करडें काळीं होतात. अगूटीच्या बाजूनें येथें दुसरें कांहीं निघूंच शकत नाहीं.

२. अप्रभावी काळा बोकड शुद्ध पांढऱ्या अगर शुद्ध तांबड्या शेळीस लावला तर एकही करडूं काळें होत नाहीं. परंतु प्रत्येक करडूं आंत काळें रूप घेऊन जन्मतें.

३. अशा आंतून काळें रूप असलेल्या पांढऱ्या शेळीस अप्रभावी काळा बोकड लावला तर निम्मीं करडें काळीं व निम्मीं पांढरीं पडतात.

४. आंतून काळें रूप असलेलीं दोन पांढरीं जनावरें एकत्र आलीं तर चारांत एक करडूं काळें होतें.

५. प्रभावी काळ्याचें रूप दोन्ही बाजूंनीं मिळालेला बोकड कोणत्याही शेळीस लावला तरी सर्व करडें काळीं होतात. त्याच्या आड लपलेला रंग नातवंडांत बाहेर येतो.

६. प्रभावी काळ्याचें रूप एकाच बाजूनें मिळालेला व आंत एक तांबडें रूप असलेला बोकड अप्रभावी काळ्या शेळीस लावला तर चारांत एक करडूं तांबडें होतें.

सहावें कलम वाचकांनीं पुन्हां एकदां वाचावें. बोकड काळा, शेळी काळी, आणि करडूं तांबडें! येथें कोणीही लबाडी केलेली नाहीं. बोकडाच्या काळ्या रंगाआड जें होतें तेंच बाहेर आलें. अशा करडाच्या आईस दोष देऊन विकणारा शेतकरी दोन वेळां नुकसान करून घेतो. चांगली शेळी जाते, आणि तांबडें रूप ज्याच्यांत आहे तो बोकड कळपांतच राहतो.

पांढरेही दोन प्रकारचे

पांढऱ्या रंगाचीही गोष्ट अशीच आहे. एक पांढरा अगूटीच्या सर्वांत वरच्या रूपाचा. त्यांत रंगपेशी असतात, पण त्या केवळ तांबूस द्रव्य करितात आणि तें इतकें फिकें असतें कीं केस पांढरे दिसतात. दुसरा पांढरा रंगपेशी नसल्यामुळें झालेला. त्याचे ठिपके वाढत वाढत सर्व अंग व्यापूं शकतात, आणि मग त्याखालीं मूळ रंग कोणता होता हें बाहेरून कांहींच कळत नाहीं.

पहिल्या प्रकाराचें प्रसिद्ध उदाहरण म्हणजे स्वित्झर्लंडांतील सानेन खोऱ्याची दुभती सानेन शेळी. बर्न विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत असें दाखविलें कीं, सानेन व अपेनझेल या पांढऱ्या जातींत अगूटी जनुकाचा भाग एकदां असावयाचा तो तीन वेळां आलेला आहे. दुसऱ्या प्रकाराचें एक उदाहरण बोअर जातीचें. दक्षिण आफ्रिकेंतील ही मांसाची जात फलटण येथील निंबकर कृषि संशोधन संस्थेनें महाराष्ट्रांत आणिली, त्यामुळें ती आतां पुष्कळांच्या पाहण्यांत आहे. तिच्या अंगावरील पांढऱ्या रंगाचा संबंध दुसऱ्याच एका जनुकाच्या वाढलेल्या आवृत्तींशीं असल्याचें २०१६ सालीं दाखविण्यांत आलें. वाढीव भाग एका बाजूनें आला तर रंग कमी जातो, दोन्ही बाजूंनीं आला तर अधिक जातो. म्हणजे येथें प्रभावी-अप्रभावी असा स्वच्छ भेद न राहतां मात्रेप्रमाणें परिणाम होतो.

सानेन शेळीची हकीकत आमच्या शेतकऱ्यांनीं मुद्दाम ध्यानांत घ्यावी अशी आहे. दोन शुद्ध वंशाचीं पांढरीं सानेन जनावरें एकत्र आलीं तरी मधून मधून रंगीत करडूं जन्मतें. वरील चौथ्या कलमाप्रमाणें तें अगदीं स्वाभाविक आहे. जातीचा रंग पांढरा ठरलेला, म्हणून अशीं करडें नापसंत होऊन जातीच्या नोंदींतून बाहेर पडत. परंतु त्यांची आई तीच, बाप तोच व दूधही तेंच. पुढें कांहीं पाळणाऱ्यांनीं हें ओळखून तीं सांभाळलीं, आणि आज अमेरिकेंत त्यांची सेबल नांवाची स्वतंत्र जात मानली जाते. रंगाचें एक जनुक सोडलें तर त्या जनावरांत सानेनहून उणें असें कांहीं नव्हतें. मध्यंतरीं रंगापायीं किती दुभत्या शेळ्यांचा वंश तुटला असेल याची कल्पनाच करावी!

तपकिरी रंगाची ओळख

तपकिरी म्हणून आपण जो रंग म्हणतों त्यांतही दोन भिन्न गोष्टी मिसळलेल्या असतात. एक तांबूस द्रव्याचा गडद रंग. त्याचा विचार वर आलाच. दुसरा खरोखर काळ्याच द्रव्याचा, पण आठव्या गुणसूत्रावरील एका जनुकामुळें तें द्रव्य काळें न होतां काथ्याच्या रंगाचें झालेलें. स्वित्झर्लंडांतील तांबड्या मानेच्या शेळ्यांत असा तपकिरी रंग काळ्यावर प्रभावी असल्याचें आढळलें आहे.

ओळखण्याची रीत अशी. नाकाची कातडी, पापण्यांच्या कडा व खूर पाहावे. तांबूस द्रव्याची शेळी अंगानें तांबडी असली तरी तिचें नाक व खूर काळे असूं शकतात. दुसऱ्या प्रकारच्या तपकिरी शेळीच्या अंगावर खरा काळा रंग कोठेंच सांपडत नाहीं. जेथें काळें असावयाचें तेथें सर्वत्र तपकिरी असतें. बोकड घेतांना ही पाहणी करण्यास एक क्षण पुरतो, आणि करडांचे रंग समजून घेतांना तिचा फार उपयोग होतो.

बोकडाची परीक्षा

एका शेळीपासून वर्षांत दोनचार करडें होतात, तर एका बोकडापासून शेंकडों होऊं शकतात. यासाठीं परीक्षा करावयाची ती बोकडाची.

पांढरा अगर तांबडा बोकड शुद्ध आहे कीं आंतून काळा आहे हें पाहावयाचें असेल तर तो अप्रभावी काळ्या शेळ्यांस लावावा. आंतून काळा असेल तर प्रत्येक करडूं काळें होण्याचा संभव निम्मा. एक जरी काळें झालें तरी निकाल लागला. पांच करडें ओळीनें काळीं न झालीं तर तो आंतून काळा असूनही आपण फसलों असण्याचा संभव ३२ त १ एवढा उरतो. सात करडांनंतर १२८ त १.

ज्यास कळपांत काळींच करडें हवीं आहेत त्यानें काळा बोकड आपल्या काळ्या शेळ्यांस लावून करडें मोजावीं. सहाव्या कलमांतल्यासारखा बोकड असेल तर प्रत्येक करडूं काळें होण्याचा संभव चारांत तीन. म्हणून चारपांच काळीं करडें पाहून समाधान मानूं नये. ओळीनें दहा काळीं झालीं तरी फसण्याचा संभव सुमारें १८ त १ राहतो. सोळा झालीं म्हणजे तो १०० त १ वर येतो. पांचव्या कलमांतील बोकड मात्र या परीक्षेंतही उघडा पडत नाहीं. त्याच्या मुलांची संतति पाहावी लागते. बोकड विकत घेतांना त्याची करडें आधींच झालेलीं असलीं तर तीं पाहून यावें. बोकडाच्या अंगापेक्षां त्याचीं करडें अधिक खरें बोलतात.

अनपेक्षित रंगाचें करडूं

आतां तंट्याच्या मुळाकडे वळूं. कळपांत भलत्याच रंगाचें करडूं जन्मलें तर प्रथम वरील कलमें आठवावीं. पुष्कळदां उत्तर तेथेंच मिळतें. न मिळाल्यास दुसरा बोकड लागला असण्याचा विचार करावा, परंतु तेव्हांही लगेच राखणदारावर आळ घेऊं नये. नर करडें तीनचार महिन्यांचीं झालीं म्हणजे त्यांच्यांतील कांहीं फळविण्यास समर्थ होतात, आणि मालकाच्या दृष्टीनें तीं अजून पिलेंच असतात! तीन महिन्यांच्या आंत त्यांस वेगळें करावें किंवा खच्ची करावें. तसेंच एकाच माजांत शेळीस दोन बोकड लागले तर एकाच वेतांतील जुळ्यांचे बाप दोन असूं शकतात. एक करडूं आपल्या बोकडाचें म्हणून दुसरेंही त्याचेंच असें ठरत नाहीं.

रंगावरून बापाविषयीं नक्की निकाल क्वचितच देतां येतो. आई व बाप दोघेही अप्रभावी काळे आहेत अशी अनेक वेतांवरून खात्री असतां तांबडें करडूं झालें, तर बाप दुसरा असावा असें म्हणण्यास आधार आहे. शुद्ध पांढरा ठरलेल्या सानेन बोकडाच्या नांवावर अप्रभावी काळ्या शेळीचें काळें करडूं सांगितलें जात असेल तर तेथेंही शंका रास्त आहे. इतर बहुतेक प्रसंगीं रंग हा पुरावा होत नाहीं. ज्या व्यवहारांत रक्कम मोठी आहे तेथें आजकाल रक्तावरून अगर केसांच्या मुळांवरून डीएनए तपासून बाप निश्चित करितां येतो. भांडण्यापेक्षां तो मार्ग बरा.

दोन जुन्या समजुती मात्र सोडून द्याव्या. गाभण मादीनें जो रंग पाहिला तो पिलावर उतरतो, ही समजूत फार प्राचीन आहे; यहुदी व ख्रिस्ती धर्मग्रंथांत याकोबानें सोललेल्या काठ्या कळपापुढें ठेवून ठिपकेदार पिलें मिळविल्याची कथा आहे. पहिल्या बोकडाचा अंश शेळींत राहून पुढील बोकडाच्या करडांत उतरतो, ही दुसरी. यांपैकीं एकीलाही अनुवंशशास्त्रांत आधार नाहीं. करडाचा रंग त्या वेळच्या आईच्या व त्या वेळच्या बापाच्या बीजानेंच ठरतो.

रंग बदलतो तेव्हां

जन्मतः असलेला रंग पुढें बदलला तर तें सारें अनुवंशाचेंच असतें असें नाहीं. काळे केस कडक उन्हानें तांबूस होतात; नवे केस आले म्हणजे पुन्हां काळे दिसतात. परंतु सावलींत बांधलेल्या काळ्या शेळीचा रंगही विटूं लागला, केस राठ झाले, अंग खालावलें, तर खाद्यांत तांब्याची उणीव असण्याचा संभव असतो. रंगद्रव्य तयार करणाऱ्या क्रियेस तांबें लागतें. अशा वेळीं पशुवैद्यास दाखवावें. स्वतः मोरचूद चारूं नये, कारण अधिक तांबें विषारी आहे आणि मेंढ्यांस तर फारच घातक आहे.

उन्हाच्या बाबतींत एक गोष्ट खरोखर पाहण्यासारखी आहे, ती म्हणजे केसांखालील कातडीचा रंग. काळे केस ऊन अधिक शोषितात, पांढरे केस तें परतवितात. परंतु पांढऱ्या केसांखालीं कातडी गुलाबी असेल तर कान, नाक, कास व शेपटीखालची उघडी जागा उन्हानें भाजते व तेथें पुढें दुखणीं होतात. बोअर जात पाळणारे शेपटीखालची कातडी रंगीत आहे कीं नाहीं हें मुद्दाम तपासतात तें याचसाठीं. आमच्याकडील उन्हाळा लक्षांत घेतां पांढरा बोकड घेणाऱ्यानें केस बाजूला सारून कातडी अवश्य पाहावी.

नोंद व निवड

वरील सर्व ज्ञान नोंदवहीवांचून निरुपयोगी आहे. एका साध्या वहींत सहा रकाने आंखावे: शेळीची खूण, बोकडाची खूण, शेळी लावल्याची तारीख, विण्याची तारीख, करडांची संख्या व लिंग, आणि प्रत्येक करडाचा रंग. शेळी साधारणतः पांच महिन्यांनीं विते. तारखांचा मेळ बसला नाहीं तर बापाविषयींची शंका रंगाच्याही आधीं तेथेंच कळते. रंग लिहितांना नुसतें "काळें" अगर "बांडें" न लिहितां खुणा दोन्ही बाजूंस सारख्या आहेत कीं नाहींत, नाक व खूर कोणत्या रंगाचे, हें चार शब्दांत लिहावें. दोन वर्षांच्या नोंदींत बोकडाची सारी हकीकत कळून येते.

निवडीचा क्रमही याच वहींतून ठरवावा. शेळीनें किती करडें दिलीं, त्यांपैकीं किती वांचलीं, दूध किती व किती दिवस दिलें, करडांचें वजन तीन महिन्यांचें असतां किती भरलें, हे रकाने आधीं पाहावे. या गुणांत दोन जनावरें सारखीं उतरलीं तरच रंगाकडे वळावें. बाजार ज्या रंगास अधिक पैसा देतो तो रंग कळपांत असावा ही इच्छा योग्यच आहे, आणि वर सांगितलेल्या रीतीनें बोकडाची परीक्षा करून ती पुरीही करितां येते. त्यासाठीं शेळी विकावी लागत नाहीं. ज्या शेतकऱ्याच्या दावणीस आज भलत्या रंगाच्या करडाची आई बांधलेली आहे, त्यानें तिला बाजारांत नेण्यापूर्वी तिचीं मागील वेतें आठवावीं व बोकडाचीं इतर करडें पाहून यावें. बहुधा शेळी ठेवण्याजोगी निघेल.